बोल आणि कृती यांचा मेळ

गुऱ्हाळावर काहील उतरविण्याचा क्षण हाच साऱ्या आधणाचा कस होय. पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत चढला आणि थंड पाण्यात सोडलेल्या थेंबाची गोळी वळू लागली, की अनुभवी गुळव्या उतरविण्यास सांगतो. घाई झाल्यास गूळ नरम राहतो व ढेप नीट बसत नाही. उशीर झाल्यास पाक करपतो व रंग काळवंडतो.

कोल्हापूर जिल्ह्यात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या काहिलीशेजारी उभे राहूनच मिळत आले. आता ते मोबाईलवरील चित्रफितींतूनही घरोघर पोहोचते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कित्येक चित्रफितींत बोल पुढे व कृती मागे, असा प्रकार आढळतो. शेतकऱ्यास माहितीशी काम, सफाईशी नव्हे, असे यावर कोणी म्हणतील. हे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. संकलनात तासा-दोन तासांची प्रक्रिया चार-पाच मिनिटांत आणलेली असते. तेथे तीन सेकंदांत पाकाची अवस्थाच पालटते. ‘आता उतरवा’ हे शब्द भलत्याच दृश्यावर पडले, तर नवशिक्या तीच खूण मनात धरील आणि त्याचे आधण वाया जाईल.

कोल्हापुरास हा विषय नवा नाही. ‘प्रभात’ने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट येथेच सिद्ध केला. चित्र आणि ध्वनी यांचा मेळ घालण्याचे काम त्या काळी अवजड यंत्रांनिशी करावे लागे. आज तेच काम साध्या संगणकावर होते. मात्र दोषाचे मूळ ओळखता आले पाहिजे.

पहिला दोष केवळ भासमान असतो. संगणक दुबळा असल्यास संकलन करताना दृश्य अडखळते, पण मूळ फीत निर्दोष असते. अशा वेळी ध्वनी सरकवू नये. चित्रणाची हलकी प्रत घेऊन काम करावे आणि तयार झालेली फीत पाहूनच निर्णय घ्यावा. दुसऱ्या दोषात आरंभापासून अखेरपर्यंत अंतर सारखेच राहते. तेथे संपूर्ण ध्वनी तेवढाच मागे-पुढे सरकविला की पुरे. तिसऱ्यात अंतर वाढत जाते. कॅमेऱ्याने सेकंदास २९.९७ चित्रे टिपली आणि ती ३० धरली गेली, तर दहा मिनिटांत सुमारे ०.६ सेकंदांची तफावत पडते. कित्येक मोबाईलमध्ये तर चित्रांचा वेगच कमी-जास्त होत राहतो. असे चित्रण प्रथम एकसारख्या वेगात रूपांतरित करून मगच संकलनास घ्यावे.

यावर बिनखर्चाचा उपाय आहे. चित्रणाच्या आरंभी व अखेरीस कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवावी. हात मिळालेले दिसतात तेथेच आवाज आला पाहिजे. दोन्ही टाळ्या जुळल्या म्हणजे मधलाही भाग बहुधा जुळतो.

यास्तव आरंभ, मध्य व शेवट या तिन्ही ठिकाणी मेळ तपासल्याखेरीज शेतीविषयक कोणतीही चित्रफीत प्रसृत करू नये, असा दंडक प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने व विस्तार कार्यालयाने घालून घेणे अगत्याचे आहे. बियाणे उगवणक्षमता तपासल्यावाचून शेतकऱ्याच्या हाती दिले जात नाही. त्यास दिल्या जाणाऱ्या शिकवणीसही तोच नियम लागू असावा.