टाळ चालतो, मग गिटार का नाही?

ख्रिस्ती तरुणांनी उपासनेत गिटार आणि ड्रम आणले की ‘पावित्र्य गेले’ अशी हाकाटी होते. हे पावित्र्य नेमके कोणत्या वाद्यात साठवले आहे, असा आमचा प्रश्न आहे. हार्मोनियमही युरोपातूनच आली. आज तिच्यावाचून भजन उभे राहत नाही.

फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. भाषांतरित गीतांना सरावलेल्या मंडळीला त्यांनी अभंग आणि भजने दिली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. आज जिला आपण परंपरा म्हणतो, ती कालची बंडखोरीच होय.

अमेरिकेत १९८०च्या दशकात ‘वन बॅड पिग’ हे ख्रिस्ती पंक गायकमंडळ पुढे आले. ‘एक वाईट डुक्कर’ हे नावच भाविकांना डिवचणारे! डिवचणे म्हणजेच भक्ती, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. टिळकांच्या बंडामागे शब्दांचे वजन होते. नव्या गाण्यांचेही तेच वजन तोलावे, आवाज नव्हे.

आम्ही कमलनगरचे. बाराव्या शतकात शरणांच्या कन्नड वचनांनी गाजलेले बसवकल्याण आमच्याच बीदर जिल्ह्यात. या मातीत राहून वाद्यावरून भक्ती पारखणे आम्हांला शोभत नाही. दार लावून घेतले तर मुले गाणे सोडणार नाहीत. ती दार सोडतील.