घाम गावाचा, पाणी कुणाचे?

मराठी यात्रेकरू काशीहून गंगेचा गडू भरून आणतो. तो जिथे गडू भरतो तिथून वीसेक किलोमीटरवर, राजातालाबजवळच्या मेहदीगंज परिसरातल्या शेतकऱ्यांनी विहिरी आणि हापसे आटत चालल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली आहे. गंगा इतकी जवळ असताना शिवार कोरडे कसे, असा प्रश्न पडेल. पण नदीचे पाणी आपोआप गावाच्या पोटात शिरत नाही. उलट पावसाळा सरला की त्या गाळाच्या प्रदेशात भूजलच पाझरून नदीला जगवते. काशीला उत्तरेकडून वळसा घालून गंगेला मिळणारी वरुणा तर पाऊस, तळी आणि पाझर यांच्याच भरवशावरची नदी. गावांचे पाणी खोल गेले की ती आटणारच.

2022 साली पूर्व उत्तर प्रदेशात पावसाने ओढ दिली, भाताची लावणी रखडली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर वाराणसीत गंगेने धोक्याची पातळी ओलांडली. ते पाणी मुख्यतः वरच्या चंबळ-यमुनेच्या खोऱ्यांतून आले होते. एकाच हंगामात घाटावर पूर आणि शेतात दुष्काळ! हवामान बदलते म्हणजे काय, हे त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. पडेल तेवढा पाऊस तळ्यात आणि जमिनीत अडवणे, आणि अडवलेले जपून वापरणे, एवढाच उपाय त्याच्या हाती उरतो.

मेहदीगंजची गावे नेमके हेच सांगत होती. तिथला शीतपेयांचा कारखाना 1999 मध्ये कोका-कोलाकडे आला. तो ज्या आराजीलाइन विकासखंडात येतो, तिथले भूजल त्या वर्षी सरकारी वर्गवारीत ‘सुरक्षित’ होते. 2009 पर्यंत ते ‘शोषित’ झाले आणि 2011 च्या मोजणीत ‘अतिशोषित’. लोकसमिती ही संघटना आणि तिचे नेते नंदलाल मास्टर यांनी गावे संघटित केली. मोर्चे निघाले, धरणी झाली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. पंधराएक ग्रामपंचायतींनी कारखान्याविरुद्ध लेखी भूमिका घेतली. जून 2014 मध्ये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करण्याचा आदेश काढला. त्याच महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने त्याला स्थगिती दिली. ऑगस्टमध्ये कंपनीने कारखान्याच्या विस्ताराचा प्रस्ताव मागे घेतला. दहा वर्षांहून अधिक काळ झगडून गावांच्या पदरात पडले ते एवढेच.

उपसा मुख्यतः शेतीसाठी होतो, असा कंपनीचा युक्तिवाद राहिला आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही. देशात भूजलाचा सर्वांत मोठा उपसा सिंचनासाठीच होतो. पण म्हणूनच प्रश्न अधिक टोकदार होतो. कारखाना, बडा बागायतदार आणि दोन बिघ्यांचा भाजीवाला हे तिघे एकाच थरातले पाणी ओढत असतील, तर कुणी किती ओढायचे हे ठरवणार कोण? कायदा आजही 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या सावलीत उभा आहे: ज्याची जमीन, त्याचे खालचे पाणी. उत्तर प्रदेशाने 2019 मध्ये भूजल कायदा केला, त्यात ग्रामपंचायत पातळीवर उपसमितीही ठेवली. परवानगीची सही मात्र जिल्ह्याच्या मुख्यालयात होते. तळ्यांबाबत तरी न्यायालय ठाम राहिले. जुन्या वाराणसी जिल्ह्यातल्याच एका गावतळ्याच्या खटल्यात, हिंचलाल तिवारी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली तलाव ही समाजाची संपत्ती ठरवली. तळ्यातले पाणी समाजाचे, आणि तेच झिरपून खाली गेले की जमीनमालकाचे, या भेदाला काय आधार आहे?

महाराष्ट्राने याचे उत्तर फार आधी शोधले होते. विलासराव साळुंखे यांनी 1974 मध्ये पुरंदरमधील नायगावला काम सुरू केले, त्यातून पाणीपंचायत उभी राहिली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणशी ठरला. भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि उसाला मनाई झाली. हिवरेबाजारात पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभा दर वर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. सिंचनासाठी बोअर घ्यायचा नाही, हा नियम तिथे गावाने स्वतःवर घातला. चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचे ते गाव टिकले ते खोदलेल्या चरांमुळे, आणि त्याहून अधिक या निर्णयांमुळे. चर खोदणारी गावे राज्यात पुष्कळ आहेत. श्रमदानाचे कौतुक करायला मंत्रीही येतात. पण बंधारा भरला की दुसऱ्याच वर्षी त्याच्या काठाने बोअरची रांग लागते आणि ऊस उभा राहतो, तेव्हा कौतुक करणारे गप्प असतात.

या गावांनी जे केले ते एकजुटीच्या बळावर. कायद्याचे पाठबळ त्यामागे नव्हते. सरपंच बदलला, गावात दोन तट पडले की ते मोडू शकते. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल अधिनियम 2014 मध्ये अमलात आला. त्यात पाणलोट समित्या आणि पीक आराखडा यांची तरतूद आहे, अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाईही आहे. तरीही बोअरच्या गाड्या रात्री बिनधास्त फिरतात. आमची मागणी साधी आहे. ग्रामसभेने मंजूर केलेला पाण्याचा ताळेबंद त्या शिवारातल्या प्रत्येकावर बंधनकारक असावा: शेतकऱ्यावर, साखर कारखान्यावर, बाटलीबंद पाण्याच्या उद्योगावर आणि शिवारात येऊ घातलेल्या औद्योगिक वसाहतीवरही. गावाचा नकार आला की परवानगी थांबली पाहिजे.

गावांनी मात्र सरकारची वाट पाहत बसू नये. पाऊस थांबला की ऑक्टोबरात ग्रामसभा बोलवा. विहिरींची पातळी मोजा, रब्बीला किती पाणी पुरेल ते फळ्यावर लिहा, आणि बोअर व पिकांचा ठराव सह्यांनिशी तहसीलदारांकडे द्या. त्या ठरावाची पोच घ्यायला विसरू नका.