शाळा मिटल्या, जखम उघडीच

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या अटावापिस्कट या क्री लोकांच्या छोट्या वस्तीने एप्रिल २०१६मध्ये आणीबाणी जाहीर केली. पूर आला नव्हता, वणवा पेटला नव्हता. वस्तीतील तरुण मुले एकामागून एक आत्महत्येचा प्रयत्न करीत होती. सरकारने तातडीने समुपदेशक पाठविले. ते आवश्यकच होते. पण हा विकार आजचा नाही.

१८८०च्या दशकापासून १९९०च्या दशकापर्यंत, शासनाच्या पैशावर आणि चर्चच्या व्यवस्थापनाखाली, मूळ रहिवाशांची दीड लाखाहून अधिक मुले निवासी शाळांत ठेवली गेली. केस कापले जात, मातृभाषेचा शब्द तोंडातून निघाला तर शिक्षा होई. शासनाचेच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ साली दाखवून दिले, की माहिती मिळालेल्या १,५३७ विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मृत्यू पावले होते. क्षय हे प्रमुख कारण. यावर शासनाने काय केले? १९२०मध्ये हजेरी सक्तीची केली!

जी मुले वाचली, ती पुढे आईबाप झाली. परंतु आईबापाची माया म्हणजे काय, हे त्यांतील अनेकांनी अनुभवलेच नव्हते. नैराश्याची लक्षणे त्यांच्या मुलांमध्येही अधिक आढळतात, असे संशोधन सांगते. ज्याने ती शाळा पाहिलीही नाही, तोही तिचे ओझे वाहतो.

तरीही हे अटळ नव्हे. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांनी ब्रिटिश कोलंबियातील सुमारे दोनशे जनसमूहांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. १९८७ ते १९९२ या काळात निम्म्याहून अधिक समूहांत एकाही तरुणाने आत्महत्या केली नव्हती. स्वशासन, जमिनीचा हक्क, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन, सांस्कृतिक केंद्र या साऱ्यांवर जेथे समूहाचा ताबा होता, तेथे हा आकडा शून्य होता. २००७च्या अभ्यासात भाषेबाबतही तेच दिसले : बहुसंख्य लोक आपली भाषा बोलतात, तेथे तरुणांच्या आत्महत्या नगण्य. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे; पण धोरणकर्त्यांनी डोळे झाकावेत इतका हा पुरावा दुबळाही नाही.

क्षमायाचना मात्र भरपूर झाल्या. २००८मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांची, २०२२मध्ये पोप फ्रान्सिस यांची. पोपनी अनेक ख्रिश्चनांच्या दुष्कृत्यांबद्दल क्षमा मागितली. संस्था म्हणून चर्चच्या अपराधाचे काय, असे तेथील पीडितांनी विचारले, ते योग्यच होते. सत्य व सलोखा आयोगाने २०१५मध्ये या शाळांना सांस्कृतिक वंशसंहार म्हटले आणि ९४ शिफारशी केल्या. २०१९मध्ये भाषांसाठी कायदाही झाला. त्या भाषा शिकविणारी शाळा, तिचे शिक्षक आणि तिचा पैसा जेथे अद्याप समूहाच्या हाती नाहीत, तेथे ओटावाने ते विनाविलंब सोपवावेत.