लाल नकाशात आपल्या ताली कुठे आहेत?

साथींनो,

पाणलोटाच्या कामासाठी तालुक्याला बैठक झाली. साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला, उपग्रहावरून काढलेला. जव्हार-मोखाड्याचे डोंगर त्यात लालेलाल. लाल म्हणजे जास्त धूप. मग साहेब म्हणाले, "तुमचे प्लॉट बघा, सगळे लालमध्येच आहेत. डोंगर नांगरता, म्हणून माती जाते." आपली माणसं गप्प बसली. आकाशातून पाहिलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

बोललं पाहिजे. त्यासाठी हा नकाशा कसा बनतो ते आधी समजून घेऊ.

उपग्रह वाहून जाणारी माती मोजत नाही. तो वरून जमिनीचा फोटो काढतो. माती किती जाते ते नंतर कॉम्प्युटरवर सहा आकड्यांचा गुणाकार करून काढतात. पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी, उताराचा चढ, जमिनीवरचं पीक-झाडोरा, आणि सहावा आकडा माती अडवायला माणसाने केलेल्या कामाचा. हा हिशेब अमेरिकेतल्या शेतांवर मोजून बसवलेला आहे. त्यांचा नमुन्याचा तुकडा 22 मीटर लांब आणि 9 टक्के उताराचा. आपल्या डोंगरात एवढी सपाट जागा मिळाली तर आपण तिथे भात लावू!

आता सहावा आकडा बघा. आपल्या बापजाद्यांनी दगड वेचून ताली घातल्या. त्या फोटोत दिसतात का? रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-3 कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब-रुंद, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. वीस गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे जेमतेम चार ठिपके. हातभर रुंदीची ताल त्यात दिसणार कशी? आणि माहिती नसली की सहाव्या जागी 1 धरतात. म्हणजे काहीच काम केलेलं नाही असं मानतात.

दुसरी गोष्ट. धूप होते पावसाळ्यात, पण तेव्हा ढगांमुळे या कॅमेऱ्याला खालचं दिसत नाही. म्हणून फोटो घेतात आभाळ मोकळं असतानाचा. उन्हाळ्यातला घेतला तर तेव्हा नाचणी-वरई कापून झालेली, रान उघडं. श्रावणात तेच रान हिरवंगार असतं, ते हिशेबात येत नाही.

तिसरी गोष्ट. वरकसावरून सुटलेली माती खालच्या खाचरात थांबली तर ती गेली म्हणायची का? हा हिशेब तिला गेलीच म्हणतो.

पण आपणही खरं बोलू. पहिल्या पावसात उघड्या वरकसावरून गढूळ लाल पाणी वाहतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. फुटलेल्या ताली वर्षानुवर्षं तशाच पडून आहेत. माती राहिली नाही तर पट्टा घेऊन काय चाटायचा? म्हणून नकाशा फाडून टाका असं मी म्हणत नाही. कुठल्या ओहोळावर आधी बांध घालायचा, हे ठरवायला तो कामाचा आहे. नकाशा कामाला वापरा, माणसाला हुसकायला नको, एवढंच म्हणणं.

आणि कायदा काय म्हणतो? वनहक्क नियमांतल्या 13 व्या नियमात पुराव्यांची यादी आहे. सपाट केलेली जमीन, बांध, बंधारे हे त्यात पुरावा म्हणून लिहिलेत. म्हणजे ज्या ताली नकाशाला दिसत नाहीत, त्याच आपल्या कब्जाचा पुरावा! 2012 च्या दुरुस्तीत तर स्पष्ट आहे, उपग्रहाचा फोटो बाकी पुराव्यांना जोड म्हणून वापरायचा, त्यांच्या जागी नाही. कायद्याच्या 5 व्या कलमात पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे.

म्हणून प्रत्येक पाड्याने पावसाआधी एवढं करावं:

1) धुपीच्या नकाशाची प्रत ग्रामसभेने लेखी मागावी. फोटो कुठल्या महिन्याचा आणि सहाव्या जागी कुठला आकडा धरला, हे विचारावं.

2) वनहक्क समितीने प्रत्येक प्लॉटवर फिरून ताली मोजाव्यात. लांबी, उंची, कोणी कधी घातली ते म्हाताऱ्यांना विचारून लिहावं. फुटलेल्याही लिहाव्यात.

3) ती यादी ग्रामसभेत वाचून, ठरावासह दाव्याला जोडावी.

4) फुटलेल्या ताली रोजगार हमीतून बांधायची मागणी करावी.

पुढच्या बैठकीत भिंतीवर नकाशा लागेल, तेव्हा आपल्या हातातही कागद असू दे.

जिंदाबाद!