कोरडा ओढाही ओढाच असतो

कारखान्याचं सांडपाणी म्हटलं की तो इंजिनियरांचा आणि सरकारी साहेबांचा विषय मानला जातो. बायकांच्या अंकात तो कशाला, असंही कुणी विचारेल. पण ओढ्याचं पाणी बिघडलं की प्रयोगशाळेच्या अहवालाआधी ते कळतं धुणं धुणाऱ्या आणि हंडा भरणाऱ्या बाईला. जवळचं पाणी नासलं की लांबच्या पाण्यासाठी पायपीटही तिचीच. म्हणून हा प्रश्न आपलाच आहे, असं मी म्हणते.

नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी-निफाडचा भाग द्राक्षांचा. २००१ साली महाराष्ट्र शासनानं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि इथे वाइनरीज वाढल्या. जोडीला फळं-भाज्यांवर प्रक्रिया करणारे छोटे कारखाने आहेत. निवडणं, धुणं, भरणं ही कामं तिथं बायकाच करतात. हे उद्योग बंद पडावेत असं मला मुळीच वाटत नाही. त्या मजुरीवर किती घरं चालतात ते मी पाहते. पण ‘रोजगार हवा की पाणी?’ हा प्रश्नच आपण नाकारायला हवा. तो मालकाला कधी विचारला जात नाही, मजूर बाईलाच विचारला जातो.

एका गावात बैठकीत मला ऐकवलं गेलं, ‘‘ताई, यात विष कुठंय? फळांचा रस आणि साखर, एवढंच तर आहे.’’ खरं आहे, आणि त्रास नेमका तिथंच आहे. साखर पाण्यात गेली की जिवाणू तिच्यावर वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग मासे मरतात, पाणी कुजतं, घाण वास सुटतो. किती प्राणवायू खाल्ला जाईल याच्या मोजमापाला ‘बीओडी’ म्हणतात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे, जमिनीवर सिंचनासाठी सोडायचं तर १००. वाइनरीचं प्रक्रिया न केलेलं पाणी हजारांच्या घरात जातं. शिवाय ते आंबट असतं, आणि टाक्या धुवायला कॉस्टिक सोडा वापरला तर तोही त्यात उतरतो.

त्यात वेळ कोणती? द्राक्षं गाळण्याचा मुख्य हंगाम जानेवारी ते मार्च-एप्रिल. तेव्हा ओढे आटलेले, विहिरी तळाला गेलेल्या. श्रावणात जी घाण वाहून गेली असती ती तिथंच साचते आणि जमिनीत मुरते. वर्षाची सरासरी काढली तर आकडा सौम्य दिसेल. पण बाई सरासरीचं पाणी भरत नाही, त्या दिवसाचं भरते. म्हणून तपासणी हंगामातच झाली पाहिजे.

‘आमचा धंदा छोटा आहे’ हेही नेहमी ऐकू येतं. कारखाना छोटा असेल, पण एकाच ओढ्यावर असे पाच-सात असले तर ओढ्याला सगळ्यांचं मिळूनच पोचतं. परवानगी एकेकट्या कारखान्याला मिळते, ओढ्याचा हिशेब कुणी मांडत नाही. तो मांडला गेला पाहिजे. एकेकट्याला शुद्धीकरणाची यंत्रणा परवडत नसेल तर शासनाच्या मदतीनं सामायिक यंत्रणा उभारावी. आणि काही गोष्टींना तर फार पैसाही लागत नाही. आपण भांडी घासण्याआधी खरकटं काढून टाकतो. तसाच साली-बियांचा चोथा आधी कोरडाच गोळा करावा, त्याचं खत करावं, आणि मग फरशी धुवावी. निम्मी घाण पाण्यात जाण्याआधीच थांबवता येते.

कायदा नाही असं नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात वाहता ओढा येतो, तसाच तूर्त कोरडा असलेलाही येतो. जमिनीखालचं पाणीसुद्धा येतं. तेव्हा ‘ओढा कोरडाच होता’ ही सबब चालणार नाही. याच कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे सांडपाणी सोडायला संमती देताना घातलेल्या अटींची नोंदवही राज्य मंडळानं ठेवायची असते, आणि त्या सांडपाण्याची झळ पोचणाऱ्या कुणालाही ती बघता येते. झळ तर आपल्यालाच पोचते, मैत्रिणींनो. मग ती वही उघडून बघायचा पहिला हक्क आपला.

महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा २०११ पासून बायकांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूदही आहे. त्या सभेत बचतगटाच्या कर्जाबरोबर हेही विचारा: गावात कोणकोणते कारखाने आहेत, त्यांना कोणत्या अटींवर संमती मिळाली, आणि हंगामात पाण्याचा नमुना कधी घेतला? उत्तर मिळालं नाही तर ठराव करून मंडळाकडे पाठवा. कारखान्यात काम करणाऱ्या बायांनाही त्या सभेला बोलवा. नाली कुठं जाते, पाणी किती वाजता सोडतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. फक्त बोलल्याबद्दल त्यांचं काम जाणार नाही, ही जबाबदारी मात्र साऱ्या गावानं घ्यायला हवी.