तिच्या टक्क्यांशी आपलं काय देणंघेणं?

गेल्या महिन्यात आमच्या भिशीत एक मोबाइल हातोहात फिरत होता. कुठल्याशा नटीचा फोटो. 'कित्ती सुटलीय गं!' 'नवऱ्यानं सोडलं म्हणे, मग काय होणार?' चहा उकळेपर्यंत तिच्या अख्ख्या संसाराचा निकाल लावून आम्ही मोकळ्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण घरी येताना मला २०१७चा जून महिना आठवला.

त्या दिवशी दहावीचा निकाल होता. माझी भाची तेव्हा सोलापुरात आमच्याकडेच होती. तिला ५८ टक्के पडले. 'असू दे, पास झालीस ना,' म्हणून आम्ही पेढे आणले. तेवढ्यात टीव्हीवर बातमी आली, 'सैराट'मधल्या आर्चीला, म्हणजे आपल्या अकलूजच्या रिंकू राजगुरूला, ६६.४० टक्के. मी पटकन बोलून गेले, 'एवढेच? डोक्यात हवा गेली की असंच होतंय.' सगळे हसले. भाचीनं हातातला पेढा तसाच ठेवला. रात्री म्हणाली, 'मावशी, तिला ६६ टक्क्यांवर एवढं बोललात, मग माझ्यामागं काय काय बोलत असाल?'

मला उत्तर देता आलं नाही.

आता त्या पोरीचं बघा. 'सैराट' आला २९ एप्रिल २०१६ला. तेव्हा रिंकूला पंधरावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. आई-वडील शिक्षक, घर साधं. राष्ट्रीय पुरस्कारात तिच्या कामाची खास दखल घेतली गेली. आपल्या जिल्ह्यातली पोरगी बुलेट चालवते, म्हणून आपणच तिला डोक्यावर घेतलं. पण त्या कौतुकाची गर्दी एवढी झाली की तिला नेहमीसारखं शाळेत जाणं अवघड झालं. दहावीची परीक्षा तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. त्याच वर्षी 'सैराट'च्या कन्नड रीमेकमध्येही ती होती. एवढं सांभाळून मिळवलेल्या मार्कांवर आपण हसलो. पुढं २०२०मध्ये बारावीला तिला ८२ टक्के मिळाले. त्याचीही बातमी झाली. मार्क कमी असोत की जास्त, एका मुलीची गुणपत्रिका आपण चव्हाट्यावर मांडली, आणि त्यात आपल्याला काही वावगंही वाटलं नाही.

हे आजचंच आहे असंही नाही. शशिकला आपल्या सोलापूरच्या, माहेरचं आडनाव जवळकर. 'आरती' आणि 'गुमराह'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. पण पडद्यावर कपटी, खाष्ट बाई रंगवली म्हणून घराघरांतल्या बायकांनी त्यांना खरोखरच तशी ठरवलं. पुढं हीच बाई मदर तेरेसांच्या संस्थेत आजाऱ्यांची सेवा करत राहिली, हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे? २००७मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२१मध्ये त्या गेल्या.

पूर्वी निदान ओट्यावरचं बोलणं ओट्यावरच राहायचं. जिच्याबद्दल बोललं, तिच्या कानावर ते जात नव्हतं. आता आपण मोबाइलवर जे लिहितो ते थेट तिच्या हातातल्या मोबाइलवर पोचतं. शिवाय आपण एकट्या नसतो. आपल्यासारख्या हजारोजणी एकेक ओळ लिहितात. आपली एकच ओळ असते, तिला मात्र त्या सगळ्या वाचाव्या लागतात.

सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू झाला १४ जून २०२०ला. लॉकडाऊनमुळे सगळे घरात आणि टीव्ही दिवसभर चालू. रिया चक्रवर्तीनं त्याच्यावर काळी जादू केली, इथपर्यंत आपण ऐकलं आणि मानलंही. ड्रग्जच्या प्रकरणात अटक होऊन ती जवळजवळ महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात होती. सुशांतच्या मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल सीबीआयनं कोर्टात दिला तो मार्च २०२५मध्ये. म्हणजे जवळपास पाच वर्षांनी. तोवर आपण तिला विसरूनही गेलो होतो. 'आपण चुकलो का?' असं कोणत्या भिशीत कुणी म्हटलं? आणि जो गेला, त्याच्या मनाच्या दुखण्याबद्दल तरी आपण कुठं मायेनं बोललो?

कुणी म्हणेल, 'त्यांना पैसा मिळतो, प्रसिद्धी मिळते, मग ऐकायला नको?' अहो, सिनेमा आवडला नाही तर जरूर सांगा, काम वाईट असेल तर वाईट म्हणा. तो आपला हक्कच आहे. पण तिचं वजन, तिचा घटस्फोट, तिचं आजारपण हे काही आपण तिकिटाच्या पैशात विकत घेतलेलं नसतं.

आपल्याला तर हे जास्त कळायला हवं. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांनी आपल्यापैकी कितीजणींची शिक्षणं थांबली, कितीजणी नको त्या घरात नांदत राहिल्या. ते लोक म्हणजे कोण, हे मला त्या रात्री भाचीनं दाखवलं.

आपण नटीबद्दल बोलतो तेव्हा घरातल्या मुली ऐकत असतात. उद्या त्यांचं काही चुकलं, मन खचलं, तर आईला सांगायचं की नाही, हे त्या अशा वेळीच ठरवत असतात. नटी आपल्यापासून लांब असते, लेक मात्र शेजारीच बसलेली असते.

पुढच्या भिशीत मोबाइल माझ्याकडे आला, की मी तो उलटा ठेवून चहाला उठणार आहे. पाचजणी नावं ठेवतील. ठेवू देत.