उभ्या गाडीची थरथर

खतावणीची तेरीज जुळली नाही म्हणून अनुभवी मुनीम नव्या वह्या आणायला धावत नाही. तो आधी फरकाची रक्कम पाहतो. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी असा त्याचा कयास असतो. ७२ च्या जागी २७ लिहिले गेले की फरक ४५ येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती नावेऐवजी जमेला पडली असण्याचा संभव असतो. थोडक्यात, चूक बहुधा स्वतःचा ठावठिकाणा स्वतःच सांगते. ऐकणारा शांत हवा.

मोटारीच्या इंजिनाचेही असेच आहे. सिग्नलला उभी असलेली गाडी थरथरू लागते, वेगाचा काटा खालीवर होतो, एखाद्या वेळी इंजिन बंदही पडते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करू लागते. मग प्लग बदलले जातात, महिन्याभराने कॉइल, त्यानंतर एखादा सेन्सर, पुढे पेट्रोलचा पंप. प्रत्येक बिल वेगळे आणि थरथर मात्र तीच. असे घडते ते बहुधा भाग निकृष्ट असल्यामुळे नव्हे, तर निदानाआधीच दुरुस्ती सुरू झाल्यामुळे.

उभ्या इंजिनाचा हिशेब

गाडी उभी आणि इंजिन चालू, या अवस्थेतील फिरण्याला आयडलिंग म्हणतात. चांगल्या गरम झालेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा हा वेग साधारणपणे मिनिटाला ६५० ते ९०० फेरे असतो. ८०० फेरे धरले, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा आणि चारही मिळून १,६०० वेळा ठिणगी पडून इंधन जळावे लागते. रस्त्यावर वेगात असताना यांतली एखादी ठिणगी हुकली, तरी इंजिनाच्या गतीत ती झाकून जाते. उभ्या गाडीत इंजिनाजवळ शिल्लक अशी फारशी नसते; तेथे प्रत्येक चूक उघडी पडते.

या ज्वलनाला तीन गोष्टी लागतात : हवा आणि इंधन यांचे योग्य प्रमाण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब. शुद्ध पेट्रोलसाठी वजनाने १ भाग इंधनास सुमारे १४.७ भाग हवा लागते. या तिघांपैकी कोणती गोष्ट कमी पडते, एवढाच निदानाचा प्रश्न असतो.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या कार्बोरेटरच्या गाड्यांत मेकॅनिक पेचकसाने एक स्क्रू फिरवून ‘स्लो’ लावून देत असे. त्या काळापासून ‘स्लो थोडा वाढवून द्या’ ही मागणी अनेकांच्या तोंडी बसली आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तो वेग संगणक ठरवतो. तेथे वेग वाढवून घेणे म्हणजे फरकाची रक्कम परस्पर किरकोळ खर्चात टाकून तेरीज जुळवण्यासारखे आहे. हिशेब जुळलेला दिसतो, चूक तशीच राहते.

काटा हलतो की केवळ गाडी?

पहिली तपासणी फुकट असते. इंजिन गरम करून गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत उभी करावी, हँडब्रेक लावावा आणि फेऱ्यांच्या काट्याकडे एक मिनिट पाहावे. काटा स्थिर आहे, पण स्टिअरिंग आणि आसन थरथरते, असे असेल तर इंजिनाची रबरी माउंटिंग संशयाच्या पहिल्या जागी येतात. ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’ मध्ये थरथर वाढते आणि ‘एन’ मध्ये ओसरते, हीही याच दिशेची खूण. इथे प्लग आणि सेन्सर बदलून काहीच साधत नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर मुळातच असते, तसेच सकाळी थंड इंजिन काही काळ जास्त वेगाने फिरणे हाही दोष नव्हे.

काटा स्वतःच डोलत असेल, तर दोष ज्वलनाच्या हिशेबात आहे. आता फरकाची जात पाहायची.

दोष केव्हा दिसतो?

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी चार दिवस गाडीमालकाने एका वहीत टिपण ठेवावे : थरथर थंड इंजिनात होते की गरम, एसी चालू असताना की बंद, पेट्रोलवर की सीएनजीवर, पाऊस असताना की एरवीही.

केवळ एसी लावल्यावर इंजिन दबत असेल, तर वाढलेला भार पेलण्यापुरती जास्त हवा त्याला मिळत नाही. थ्रॉटल बॉडीवर साचलेली काजळी हे त्याचे नेहमीचे कारण. पेठेतल्या पेठेत, घर ते दुकान अशी छोट्या अंतराची ये-जा करणाऱ्या गाड्यांत ही काजळी अधिक दिसते. टाकी भरल्यावर काही मिनिटेच गाडी अडखळत असेल, तर टाकीतील वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिला असावा. पावसाळी दमट हवेत मिसिंग वाढत असेल, तर कॉइल, प्लगच्या टोप्या आणि वायरी यांतून वीज बाहेर निसटत असावी. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेऊन वायरी कुरतडतात, हेही विसरू नये.

सीएनजी बसवलेल्या गाडीत तर मालकाच्या हाती आयती कसोटी असते. थरथर फक्त गॅसवर होत असेल आणि पेट्रोलवर गाडी शांत असेल, तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टर पाहावेत. मात्र गॅस पेटवण्यास पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. म्हणून थकलेला प्लग आधी गॅसवर बोलू लागतो. दोन्हींवर थरथर असेल, तर हवा, ठिणगी किंवा दाब यांपैकी एकात दोष आहे. वर्षानुवर्षे गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या बैठका झिजून टॅपेटची फट कमी होते आणि दाब गळू लागतो. हे तेथे विशेष तपासावे.

स्वस्ताकडून महागाकडे

निदानाचा क्रम खर्चाच्या चढत्या श्रेणीने असावा. प्रथम डोळ्यांनी पाहणी : एअर फिल्टर तुंबला आहे का, ऑइल भरण्याचे झाकण आणि डिपस्टिक घट्ट आहेत का, बॅटरीची टोके गंजली आहेत का, एखादी रबरी नळी निसटली किंवा तडकली आहे का. इंजिन बंद असताना नळ्या बोटांनी वाकवून पाहिल्या, तर सरळ अवस्थेत न दिसणारी चीर दिसते.

ही चीर इतकी महत्त्वाची का, ते समजून घेण्यासारखे आहे. उभ्या गाडीत थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि आत येणारी हवा थोडी असते. त्या थोड्या हवेत चिरेतून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. वेग वाढला की एकूण हवा कैक पटींनी वाढते आणि चिरेचा वाटा नगण्य होतो. म्हणूनच हवा गळणारी गाडी उभी असताना थरथरते आणि रस्त्यावर मात्र निर्दोष वाटते. ज्या गाड्यांत हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, त्यांत या गळतीमुळे मिश्रण पातळ होते. ज्या गाड्या नळीतील दाबावरून हवेचा अंदाज घेतात, त्यांत पुष्कळदा आयडलिंगचा वेगच चढा राहतो. गळती शोधण्यास गॅरेजमध्ये धूर सोडणारे यंत्र सर्वांत निर्धोक. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा मारून गळती शोधण्याचा प्रकार आगीला निमंत्रण देणारा आहे. घरी तर तो मुळीच करू नये.

दुसरी पायरी थ्रॉटल बॉडीच्या सफाईची. चावी बंद ठेवून, त्यासाठीच्या द्रवाने आणि मऊ कापडाने ती केली जाते. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू नये. सफाईनंतर संगणकाला झडपेची नवी जागा शिकवावी लागते. ते राहिले तर साफ केलेली गाडीही काही दिवस वेडीवाकडी चालते आणि दोष सफाईवर येतो.

तिसरी पायरी ठिणगीची. प्लग काढून चौघांची तुलना करावी. तीन तांबूस-करडे आणि एक काळा, ओला निघाला, तर तो सिलिंडर बोलला. प्लगच्या खोबणीत ऑइल सापडले, तर वरच्या झाकणाचे गॅस्केट गळते आहे. ते न बदलता नुसती कॉइल बदलणे व्यर्थ. कॉइल पारखण्यासाठी नवी विकत आणण्याची गरज नसते : ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे, तेथे इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. मिसिंग कॉइलबरोबर जागा बदलून गेले, तर दोष कॉइलचा. जागच्या जागी राहिले, तर प्लग, इंजेक्टर किंवा दाब यांचा.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

गेल्या काही वर्षांतील बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते. तेथे स्कॅनर जोडला की संगणकाने नोंदवलेले कोड दिसतात. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरमध्ये किंवा जागा निश्चित नसलेले मिसिंग, पी०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त, पी०५०५ म्हणजे आयडलिंगच्या नियंत्रणात बिघाड. येथेच मोठी गफलत होते. कोड हा निकाल नव्हे, तो आक्षेप आहे. लेखापरीक्षकाने व्हाउचरवर मारलेली लाल खूण जशी असते, तसा. पी०१७१ दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे तक्रार नोंदवणाऱ्यालाच दंड करणे.

अधिक उपयोगी असतो तो फ्युएल ट्रिमचा आकडा, म्हणजे ठरल्या प्रमाणापेक्षा किती टक्के जास्त वा कमी इंधन संगणकाला द्यावे लागते त्याचा हिशेब. शून्याच्या अलीकडे-पलीकडे सुमारे १० टक्क्यांपर्यंतचा फरक सहसा चालून जातो. उभ्या गाडीत हा आकडा बराच चढा आणि २,५०० फेऱ्यांवर तो खाली येत असेल, तर हवा गळते आहे. उलट वेगाबरोबर तो वाढत जात असेल, तर इंधन कमी पोहोचते आहे. मग फिल्टर आणि पंप पाहावेत. एका आकड्याच्या दोन वाचनांतून हजारो रुपयांची दिशा ठरते. हवा आणि ठिणगी दोन्ही निर्दोष ठरली, तरच दाबाची चाचणी आणि इंजिन खोलण्याचा विचार.

कधी वाट पाहू नये

इंजिनाच्या चिन्हाचा दिवा सतत लागलेला असेल, तर लवकर तपासणी करावी. तो लुकलुकत असेल, तर न जळलेले इंधन धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊन तो तापवत आहे. गाडी बाजूला घेऊन थांबवावी. थरथरीबरोबर ब्रेकचे पेडल कडक लागत असेल, तर गळती ब्रेकच्या बूस्टरची किंवा त्याच्या नळीची असू शकते. ती गाडी चालवूच नये. घाटात इंजिन बंद पडले, तर बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतेच साहाय्य उरते, पुढे पेडल सर्व ताकदीने दाबावे लागते. आणि बंद गाळ्यात इंजिन चालू ठेवून थरथर ऐकत बसणे प्राणघातक ठरू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही.

तपासणीची मजुरी

शेवटी प्रश्न व्यवहाराचा आहे. दोन तास राबून, दहा रुपयांची चिरलेली नळी शोधून काढणाऱ्या मेकॅनिकने तपासणीचे सातशे रुपये मागितले, की ‘केले तरी काय?’ असे विचारले जाते. तोच मेकॅनिक सहा हजारांचा सेन्सर बसवून सातशे मजुरी लावतो, तेव्हा बिल बिनतक्रार चुकते होते. ग्राहक निदानाला किंमत देत नाही, म्हणून त्याला सुटे भाग विकले जातात. यात केवळ मेकॅनिकला दोष देता येत नाही. पेढीवर ज्याला पारखीचे मोल कळते, त्याने ते गॅरेजच्या दारातही ओळखले पाहिजे.

म्हणून गाडी सोपवताना आपले टिपण द्यावे आणि तपासणीची मजुरी वेगळी देण्याचे आधीच कबूल करावे. भाग बदलण्यापूर्वी ‘कोणत्या चाचणीवरून हा भाग दोषी ठरला?’ एवढे नम्रपणे विचारावे. एका वेळी एकच भाग बदलावा, जुना परत मागावा आणि बिलात तपासणी, भाग व मजुरी स्वतंत्र ओळींत लिहून घ्यावी. प्रामाणिक कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट आपले काम समजणारे गिऱ्हाईक मिळाले, याचे त्याला समाधानच वाटते.